जस्ताची बादली आणि आंबट ताक



पौड रस्त्याने कोथरूडला गटाच्या खरेदीला आलात की दुकानात बादली, पिंप, पत्रा दाखवताना दुकानदार म्हणतो, "हे जीआयचं आहे, गंजणार नाही." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड.

जस्त हा निळसर पांढरा धातू आहे. तो साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतो. त्या रसात लोखंड बुडवलं की वर जस्ताचा थर बसतो. हवापाण्याशी आधी जस्तच झिजतं, त्यामुळे थोडा ओरखडा पडला तरी आतलं लोखंड लगेच गंजत नाही.

जस्त येतं कुठून? जमिनीतल्या खनिजातून. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला जुन्या खाणी आहेत. ९०७ अंशांवर जस्ताची वाफ होते, म्हणून साध्या भट्टीत ते हाती लागत नाही. जावरच्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून जस्त मिळवलं. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात, ती मात्र कथलाची, जस्ताची नव्हे.

आता आपल्या कामाची गोष्ट. आंबट पदार्थात जस्त विरघळतं. ताक, चिंचेचं पाणी, लिंबू सरबत, लोणचं जीआयच्या बादलीत किंवा पिंपात ठेवलं तर जस्त पदार्थात उतरतं. असं खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. कार्यक्रमाला शंभर माणसांचं ताक एकाच पिंपात घुसळलं, तर त्रास सगळ्यांनाच होईल आणि गटाचं नावही जाईल. म्हणून आंबटासाठी स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणीच वापरा. जीआयची बादली धुण्याभांड्याला ठेवा. ओळख सोपी आहे: नव्या जीआयवर स्फटिकासारखी नक्षी दिसते आणि चुंबक चिकटतं.

तरीही थोडं जस्त शरीराला हवंच. ते तीळ, शेंगदाणे, हरभरा, कडधान्यं, अंडी, मटण यातून मिळतं. कडधान्यांना मोड आणले की ते अंगी जास्त लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा बन्सी गव्हाचा वाण काढला आहे; त्याच्या एक किलो गव्हात सुमारे ४० मिलिग्रॅम जस्त असतं. लहान मुलाला जुलाब झाले तर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्याही देतात: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या मध्येच बंद करू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर मात्रा आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीत एवढं करा: गटाची सगळी भांडी एकदा बाहेर काढा आणि जीआयच्या भांड्यांवर रंगाने ठळक लिहा, 'खाण्यासाठी नाही'.