ड्रुसिला नाव ठेवू का?

प्रश्न : मी न्हावा शेवा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात नोकरीला आहे. आम्हाला नुकतीच मुलगी झाली. रोमच्या इतिहासाचं मला शाळेपासून वेड, म्हणून तिचं नाव ‘ड्रुसिला’ ठेवावं असं मनात आहे. उरण तालुक्यात तरी दुसरी ड्रुसिला नसेल! बायको तयार आहे. आई मात्र म्हणते, हे नाव आत्याच्या जिभेवर बसायचं नाही. नाव खरंच रोमन आहे का? अर्थ काय? आणि ठेवायला काही अडचण?
– एक वाचक, न्हावा शेवा

उत्तर : नाव अस्सल रोमन आहे, त्याबद्दल निर्धास्त राहा. सम्राट ऑगस्टसच्या बायकोला आपण लिव्हिया म्हणून ओळखतो, तिचं पुरतं नाव लिव्हिया ड्रुसिला. तिच्या वडिलांच्या नावात ‘ड्रुसस’ होतं, त्याचंच हे लाडिक स्त्रीरूप. स्वेटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो, की या घराण्यातल्या एका पूर्वजाने ड्रॉसस नावाच्या शत्रूच्या सरदाराला समोरासमोरच्या लढाईत मारलं आणि त्याचं नाव स्वतःला लावून घेतलं. नावांच्या याद्यांमध्ये ‘दवासारखे डोळे असलेली’ असा गोड अर्थ दिलेला दिसेल. तो ‘दव’ या अर्थाच्या एका ग्रीक शब्दाशी सारखेपणा पाहून जुळवलेला आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

या नावाची आणखी एक बाई प्रसिद्ध आहे, कॅलिग्युला या सम्राटाची बहीण. ती इ. स. ३८ मध्ये वारली तेव्हा भावाने तिला देवी म्हणून जाहीर केलं. तिला स्वर्गात जाताना मी डोळ्यांनी पाहिलं, अशी शपथ एका सिनेटरने घेतली आणि भरघोस बक्षीस पदरात पाडून घेतलं. दरबारी लोक सगळीकडे सारखेच.

तुम्हाला हे नाव हवंय ते दुसऱ्या कुणाचं नसेल म्हणूनही. गंमत अशी, की रोमन बापाला मुलीच्या नावाबाबत ही हौस नव्हतीच. मुलाला स्वतःचं नाव मिळे. मुलीला बहुतेक वेळा वडिलांच्या कुळाचं नाव स्त्रीलिंगी करून देत. ज्युलियस कुळातली ती ज्युलिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलिया. हॅनिबालला हरवणाऱ्या स्किपिओच्या दोन मुली, दोघी कॉर्नेलिया. घरात ओळखायला थोरली, धाकटी म्हणायचं, किंवा सरळ सेकुंडा, टर्शिया, म्हणजे दुसरी, तिसरी. सीझरवर वार करणाऱ्या ब्रूटसच्या एका सावत्र बहिणीचं नाव खरोखरच जुनिया टर्शिया होतं.

यावर आपण हसायचं कारण नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’, ‘नकोशी’ नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी समारंभात बदलावी लागली. रोमन टर्शियात निदान नुसती मोजणी होती. शिवाय रोमन बाई लग्नानंतरही माहेरच्याच कुळाच्या नावाने ओळखली जाई. आपल्याकडे तांदळात नवं नाव लिहून जुनं पुसण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही.

म्हणूनच ड्रुसिला मला बरं वाटतं. प्रजासत्ताकाच्या शेवटी आणि सम्राटांच्या काळात मुलींना कुळनावाच्या जोडीला असं दुसरं नाव मिळू लागलं आणि चार ज्युलियांमधली ही कोणती ते कळू लागलं. लिव्हिया हे कुळाचं नाव, ड्रुसिला ही तिची वेगळी ओळख. तीही बापाकडूनच आलेली, हे खरं.

बारसं रोमनांकडेही होतं. मुलीचं आठव्या दिवशी, मुलाचं नवव्या. त्या दिवशी बाळाची शुद्धी करून नाव ठेवत. मुलींच्या गळ्यात पुढे चंद्रकोरीच्या आकाराचा ताईत घालत, नजर लागू नये म्हणून. हे तुमच्या आईंना जरूर सांगा, विरोध थोडा मवाळ होईल.

आणि रोम तुमच्यापासून वाटतं तितकं लांबही नाही. बंदरातून समोर दिसणाऱ्या घारापुरीच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पोथीत आपलं चौल ‘सेमिल्ला’ आणि कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येतं. त्या व्यापाराच्या काळात इथे राहिलेल्या ‘यवन’ दात्यांचे लेख कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर कोरलेले आहेत. त्यांची नावं वाचा : सिंहध्वज, यशवर्धन, धम्म. पश्चिमेकडचे म्हणवणारे लोक इथे येऊन इथली नावं लावत होते, आणि दोन हजार वर्षांनी न्हावा शेव्यातला बाप उलट दिशेने निघालाय. मला यात वावगं काही दिसत नाही.

तसे तुम्ही पहिलेही नाही. पोर्तुगीज काळापासून या पट्टीतल्या ख्रिस्ती घरांत रोमन कुळं सुखाने नांदतायत. उरणपासून वसईपर्यंतचा प्रत्येक अँथनी हा मूळचा अँटोनियस, मार्क अँटनीच्या कुळाचा. वसईच्या मराठी लेखिका सिसिलिया कार्व्हालो यांचं नाव कॅसिलियस कुळातून आलेलं. कॉर्नेलिया सोराबजी तर १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या बाई ठरल्या. त्यांच्या आईला दत्तक घेणाऱ्या इंग्रज बाई कॉर्नेलिया फोर्ड, त्यांच्यावरून हे नाव. आज कॉर्नेलिया म्हटलं की इथल्या माणसाला स्किपिओची मुलगी आठवत नाही, सोराबजी आठवतात. नाव असं मालकी बदलतं.

आता आईंची शंका. ती रास्त आहे. सुरुवातीलाच ‘ड्रु’ आहे, त्यामुळे आळीत आठवड्याभरात ‘सिला’ होईल आणि वर्षभरात ‘शिला’. तुम्हाला ते चालणार असेल तरच पुढे जा. बारशाच्या आधी आत्याला दोन-चार वेळा मोठ्याने म्हणायला लावा. तिला जमलं तर शाळेतल्या बाईंनाही जमेल. रोमन नावच हवं पण सोपं हवं, तर लिव्हिया किंवा सबिना घ्या. गल्ला हेही अस्सल राजघराण्यातलं नाव आहे, गल्ला प्लासिडिया नावाची सम्राज्ञी होऊन गेली. पण दुकानदाराच्या घरीसुद्धा ते सुचवायला मी धजणार नाही.

कायद्याची अडचण काहीच नाही. कोणती नावं चालतात याची सरकारी यादी आपल्या देशात नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरलं नसेल तर नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे तुमच्या ड्रुसिलाच्या नावापुढे तिची आई उभी असेल.

माझा कौल : ठेवा. फक्त इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी पक्कं करा, एक ‘एस’ आणि दोन ‘एल’, आणि जन्मदाखल्यापासून आधार, पासपोर्टपर्यंत तेच लिहा. नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालण्यापेक्षा ग्रामपंचायतीतून दाखला हातात घेताना तिथेच तो नीट वाचून घ्या.