छातीबद्दलच्या ओळीही वाचा

पेट-सीटीचा रिपोर्ट हातात पडला की घरातली माणसं एकच गोष्ट शोधतात: आजार पसरलाय का? मार्च २०२१ मध्ये आईच्या रिपोर्टात आम्हीही तेच पाहिलं. स्तनातली गाठ लहान झाली होती. यकृत, हाडं स्वच्छ. छातीच्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं की दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात, कडेकडेने ‘ग्राउंड ग्लास’ चट्टे आहेत. विषाणूचा संसर्ग असू शकतो, आरटी-पीसीआर करावी. स्कॅन सेंटरने पाकीट दिलं, पण ही गोष्ट ना आम्हाला सांगितली, ना केमो देणाऱ्या डॉक्टरांना फोनवर कळवली.

आम्ही अहमदपूरचे. लातूरही हाताशी, नांदेडही. त्या महिन्यात नांदेडमध्ये कोरोना इतका वाढला की २५ तारखेपासून जिल्ह्यात टाळेबंदी लागली. आईला ताप नव्हता, खोकला नव्हता. थकवा होता, पण केमो चालू असलेल्या बाईला थकवा नवा नसतो. ‘मला काही झालं नाही रे, उगं घोर लावून घेऊ नको,’ असं ती म्हणायची.

केमोच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि सलाईन लावण्याआधीच थांबवलं. तपासणी पॉझिटिव्ह आली, केमो पुढे गेली, आई बरी झाली. पण तोवर ती डे-केअरच्या बाकावर इतर रुग्णांना खेटून बसली होती. त्यांच्याही पांढऱ्या पेशी उतरलेल्या असणार. हे मला अजून सलतं.

कर्करोगाच्या स्कॅनमध्ये संसर्ग कसा दिसतो ते डॉक्टरांनी समजावलं. पेट-सीटीआधी शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. कर्करोगाच्या पेशी ती जास्त खेचतात, पण संसर्गाशी लढणाऱ्या पेशीही खेचतात, म्हणून सुजलेलं फुफ्फुसही चमकतं. सीटीवर तो भाग आरशावर वाफ धरल्यासारखा धूसर दिसतो. फुफ्फुसात पसरलेला कर्करोग बहुधा गोल, ठळक गाठींसारखा दिसतो. तरी चित्रावरून घरी निष्कर्ष काढू नका. क्षयरोग, रेडिएशननंतरची सूज, काही कर्करोगाच्या औषधांनी येणारी सूज, इन्फ्लुएन्झा यांतही फुफ्फुसं अशी दिसू शकतात. इटलीतल्या ब्रेशिया शहरात २०२० च्या वसंतातच कसलंही लक्षण नसलेल्या रुग्णांच्या पेट-सीटीत कोरोनाच्या अशा खुणा सापडल्या होत्या. लक्षण नाही म्हणजे संसर्ग नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

म्हणून ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रिपोर्टाच्या शेवटचं ‘इम्प्रेशन’ तर वाचाच, पण छातीचा परिच्छेदही वाचा. ‘इन्फेक्टिव्ह’, ‘इन्फ्लमेटरी’, ‘ग्राउंड ग्लास’ यांतला एखादा शब्द दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्या पानाचा फोटो पाठवा आणि विचारा, ‘केमोला येऊ की थांबू?’ उत्तर मिळेपर्यंत रुग्णाला मास्क लावून वेगळ्या खोलीत ठेवा. केमो मनाने पुढे ढकलू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. तेव्हा १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला तर गोळी देऊन सकाळ उजाडण्याची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. गल्लीतल्या मेडिकलमधून स्टिरॉइड तर मुळीच आणू नका.

स्कॅनला जाताना तंत्रज्ञाला सगळं सांगा: मागच्या काही आठवड्यांत ताप, सर्दी, कोरोना झाला होता का, रेडिएशन झालं का, लस कधी आणि कोणत्या हाताला घेतली. लशीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी चमकू शकतात आणि स्तनाच्या रुग्णाच्या घरात त्यावरून रडारड होते. एका बाजूच्या स्तनाचा आजार असेल तर लस दुसऱ्या हाताला घेता येईल का, हेही आधीच विचारून ठेवा. आणि जुन्या स्कॅनच्या सीडी सांभाळा. चट्टा नवा की जुना, हे रेडिओलॉजिस्टला मागच्या चित्रांशी ताडूनच ठरवता येतं, आणि कागदी रिपोर्टात ती चित्रं नसतात.