समुद्र नसलेल्या गावातून गोड्या पाण्याच्या धंद्यात

मुंबई महानगरपालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारायचं ठरवलं आहे. क्षमता दिवसाला 200 दशलक्ष लिटर, पुढे 400 पर्यंत. चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली इथं असे मोठे प्रकल्प दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. हे वाचून महाड-पोलादपूरचे पालक म्हणतील, आपल्याला काय त्याचं? समुद्र तिकडे बाणकोटला. मला मात्र वाटतं, बारावी सायन्सच्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा विषय नीट समजून घ्यावा. मनोरीला जे तंत्र वापरलं जाईल, तेच रसायन कारखान्यांच्या सांडपाण्यावरही वापरतात, आणि रसायन कारखान्यांची एमआयडीसी तर महाडच्या उंबऱ्यावर आहे.

तंत्र म्हणजे आरओ, रिव्हर्स ऑस्मोसिस. खाऱ्या पाण्यावर दाब देऊन ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून, ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांच्यामुळे पाण्याला सुमारे 27 बारचा परासरण दाब असतो. तो ओलांडल्याशिवाय एक थेंबही पलीकडे जात नाही, म्हणून प्रत्यक्षात पंप 55 ते 70 बारवर चालवतात. पाणी गोडं करण्याच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो तो याच पंपामुळे.

आता वही काढा. हा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. दाब गुणिले आकारमान म्हणजे काम. 60 बार म्हणजे 60 लाख पास्कल. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी त्या दाबाला न्यायला 60 लाख ज्यूल लागतात. 36 लाख ज्यूलचं एक युनिट, म्हणजे 1.67 युनिट. पण आत गेलेल्या पाण्यातलं 40 टक्केच गोडं होऊन निघालं, तर हजार लिटर गोड्या पाण्यासाठी अडीच हजार लिटर दाबाखाली आणावं लागतं. झाले 4.17 युनिट. उरलेलं दीड हजार लिटर रिजेक्ट मात्र जवळजवळ त्याच दाबाने बाहेर पडतं. त्यातले अडीच युनिट सोडून द्यायचे? प्रेशर एक्स्चेंजर नावाचं यंत्र तो दाब नव्या येणाऱ्या पाण्याला देतं आणि त्यातली 95 टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाचवतं. मग निव्वळ खर्च 1.8 युनिटांच्या आसपास येतो. पंपाचं नुकसान, पाणी उचलणं, गाळणं धरून चांगला प्रकल्प आज हजार लिटरला तीन ते चार युनिटांत चालतो. 1970च्या दशकात दहाहून अधिक लागत. अर्धं पाणी गोडं काढायचं तर निसर्गनियमाने ठरलेली किमान मर्यादा साधारण एक युनिट आहे. आजचे तीन-चार आणि हे एक, या दोन आकड्यांमधली दरी कमी करणं हेच या क्षेत्रातलं काम.

हा हिशेब करताना मुलीचे डोळे चमकले, तर तिला केमिकलला घालायला घाबरू नका.

महाडमध्ये हा हिशेब आणखी तीव्र होतो. ज्या कारखान्याला सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, तो आधी आरओने शक्य तितकं पाणी परत मिळवतो आणि उरलेलं खारट रिजेक्ट एमईईत, म्हणजे अनेक टप्प्यांच्या बाष्पीभवकात, वाफेवर आटवतो. हजार लिटर पाण्याची वाफ करायला सव्वासहाशे युनिटांइतकी उष्णता लागते. एमईईत तीच वाफ पुन्हापुन्हा वापरतात, त्यामुळे खर्च कितीतरी पटीने उतरतो, तरी आरओच्या जवळपासही येत नाही. म्हणून मेम्ब्रेनने खेचलेलं प्रत्येक जादा लिटर बॉयलरचं इंधन वाचवतं. अडचण अशी की रसायनांचं सांडपाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त लहरी असतं. आज एक उत्पादन, उद्या दुसरं. मेम्ब्रेन चोक होतं, डीपी, म्हणजे मेम्ब्रेनच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, वाढतो, त्याच पाण्याला पंप जास्त वीज खातो. लॉगशीटवर हे आकडे तासातासाला भरणारे पुष्कळ असतात. तीन दिवसांचे आकडे शेजारी ठेवून ‘आता सीआयपी (मेम्ब्रेनची जागेवरच धुलाई) घ्या, नाहीतर आठवड्यात मेम्ब्रेन जाईल’ असं सांगणारा कमी सापडतो. त्याची किंमत कारखान्याला कळते.

वाट कुठली धरावी? ‘डिसॅलिनेशनचा कोर्स’ शोधत फिरू नका, आणि तसा कोर्स विकणाऱ्यांना लाखभर रुपयेही देऊ नका. मूळ शाखा पक्की हवी: केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून आपल्या जिल्ह्यात आहे, तिथं केमिकल आणि पेट्रोकेमिकल दोन्ही आहेत, आणि महाडहून ते एसटीच्या अंतरावर आहे. दहावीनंतर लवकर कमवायचं असेल तर डिप्लोमा करून पुढे थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, हा रस्ता मला अनेक घरांसाठी जास्त शहाणपणाचा वाटतो. आयटीआयमध्ये एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड पाहा. बीएस्सी रसायनशास्त्रवाल्यांना पाण्याच्या प्रयोगशाळेतून आत शिरता येतं. संशोधनाची ओढ असेल तर माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आणि भावनगरची मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था (सीएसएमसीआरआय) ही नावं लक्षात ठेवा. इंजिनिअरला अनुभव जमल्यावर केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा देता येते. मग काम पाण्यापुरतं राहत नाही.

एक भीती मी हलकी करणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आणि आग लागून कामगार गेले. ते आठवून आई ‘नको’ म्हणते, तेव्हा ती चूक नाही. पाणी प्रक्रियेच्या विभागात रिअ‍ॅक्टरइतका धोका नसतो, पण आम्ल, कॉस्टिक आणि उच्च दाबाच्या लाइन असतातच. म्हणून अप्रेंटिसशिपला पाठवण्याआधी स्टायपेंडच्या जोडीला आणखी काही विचारा. पहिल्या आठवड्यात सुरक्षा प्रशिक्षण मिळतं का? आयवॉश चालू आहे का? रात्रपाळीत नवख्याबरोबर अनुभवी ऑपरेटर असतो का? मुलीला रात्री घरी सोडायला गाडी आहे का? उत्तरं गोलमोल आली तर दुसरा कारखाना पाहा, एमआयडीसीत एकच गेट नाही.