ज्याच्या हातात ग्लास नाही, पार्टी त्याच्या हाती

ज्वारी हुरड्यावर आली की वऱ्हाडात वावरातल्या बैठका सुरू होतात. अमरावतीजवळच्या आमच्या वावरातही अशी बैठक असते आणि तिला येणारी मंडळी बहुतेक कुत्री पाळणारी. अमरावती-अकोल्याचे स्नेही आपापल्या लॅब्राडॉरला, पगला, गावठी शेरूला सोबत घेऊन येतात. आगटीवर हुरडा, भरीत-भाकर, मोठ्यांसाठी कॉकटेल आणि एरवी फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्या कुत्र्यांना मोकळं रान. असा बेत आता बरेच जण आखू लागले आहेत. म्हणून आमच्याकडे काय घडलं आणि त्यानंतर आम्ही कोणते नियम लावले, ते सांगतो.

एका संध्याकाळी सगळे सतरंजीवर बसले होते. माणूस खाली बसला की त्याचा ग्लासही जमिनीवर येतो, म्हणजे नेमका कुत्र्याच्या तोंडाशी. संत्र्याचा रस घातलेल्या व्हिस्कीचा एक ग्लास एका छोट्या पगनं चाटून संपवला. थोड्या वेळानं त्याचे मागचे पाय लटपटू लागले. लोक हसले, काहींनी मोबाइल काढले. ‘‘थोडीशीच तं पेला जी, झोपून जाईन, काई नाई होत,’’ असं कोणीतरी म्हणालंही. एका वहिनींनी मात्र त्या दिवशी घेतली नव्हती, कारण परतताना गाडी त्यांनाच चालवायची होती. पगचे कान आणि पंजे गार पडलेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला शालीत गुंडाळलं आणि थेट डॉक्टर गाठले. रात्रभर सलाइन लागलं, तेव्हा ते कुत्रं वाचलं.

‘थोडीशीच’ म्हणजे किती, ते पाहा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलिलिटर पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क असतो. 70 किलोच्या माणसाला तो किलोमागे 0.3 ग्रॅमही पडत नाही. 8 किलोच्या पगला अडीच ग्रॅम पडतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर घसरते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. डिसेंबर-जानेवारीच्या उघड्या वावरात हा धोका आणखी वाढतो. अशा वेळी ओकारी काढायला मीठपाणी पाजू नका. गुंगीतल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत ते उतरू शकतं. त्याला उबेत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

त्या रात्रीनंतर आमचा पहिला नियम ठरला. अंधार पडतो, आगटी पेटते, जेवणाचा वास सुटतो, तेव्हा कुत्र्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. पिणाऱ्यांचं लक्ष नेमकं तेव्हाच सैल होतं. म्हणून चार-पाच कुत्र्यांमागे एक न पिणारा माणूस आधीच ठरवा. सुरुवातीलाच सगळ्यांना त्याचं नाव सांगा. गाडीची किल्ली आणि डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडे असू द्या. कुत्र्यांच्या बाबतीत त्यानं सांगितलं की मालकानं वाद घालायचा नाही. आणि ग्लास कमरेच्या उंचीच्या टेबलावरच. सतरंजीवर फक्त हुरडा.

डॉक्टरांची सोय दुपारीच करून ठेवा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, पण अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे ते अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. विषबाधा झालेल्या लहान जिवाला तो पल्ला लांबचा. जवळचे कोणते डॉक्टर रात्री दार उघडतील, हे फोन करून विचारा.

जागा दिवसाउजेडी फिरून पाहा. कठडा नसलेली विहीर, तुटलेलं काटेरी कुंपण आणि फवारलेली पऱ्हाटी या तिन्हींपासून कुत्री लांब हवीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. अशी फवारलेली पानं हुंगणाऱ्या, मग पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला तो धोका कळत नाही. औषधांचे रिकामे डबे आणि सरकीची पोतीही बंद खोलीत ठेवा. घरी परतल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिडी तपासा.

आपल्या हुरड्याच्या ताटातले बरेच पदार्थ कुत्र्यांना बाधतात. लसणाची चटणी आणि पातीचा कांदा त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. भरीत म्हणूनच देऊ नये. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट, झायलिटॉल असलेली शुगरफ्री च्युइंगगम, खारे दाणे, कोंबडीची शिजवलेली हाडं, मक्याची कणसं हे सगळं वर ठेवा. आंबवलेलं कच्चं पीठही, कारण पोटात ते फुगतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. कुत्र्यांसाठी मीठ-मसाला-कांद्याविना उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन, साधा भात आणि भरपूर पाणी पुरे.

भांडणं बहुधा खाण्यावरून होतात. एकाच भांड्याभोवती सगळ्यांना सोडू नका, प्रत्येकाला लांब-लांब खायला द्या. अंग ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, कुत्रं सारखे ओठ चाटू लागलं, की त्याला तिथून बाजूला न्या. जुंपलीच तर मधे हात घालू नका. पाणी ओता किंवा अंगावर सतरंजी टाका. माणसाला दात लागले तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय कुठलंही कुत्रं आत घेऊ नका. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस पूर्ण न झालेली पिल्लं घरीच बरी.

कायद्याचंही पाहा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 आजही लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो. बीअर-वाइनसाठी वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 पूर्ण हवं. पार्टीसाठी कोणती परवानगी लागते, ते राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधीच विचारा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. वर्धा नदीपलीकडे त्या जिल्ह्यात कोणाचं वावर असेल, तर तिथे हा बेत करू नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. खरं तर त्याआधीही आवाज कमीच असावा, कारण कुत्र्यांना आपल्याहून कितीतरी जास्त ऐकू येतं.

आणि ऋतू. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कुत्र्याला फक्त पंजांना घाम येतो, बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. उन्हाळ्यात हा बेत टाळाच. आम्ही हिवाळ्यात दुपारी चारला सुरू करतो आणि आठला कुत्र्यांची पार्टी संपवतो. त्यानंतर माणसांना बसायचं असेल, तर न पिणारे आधी कुत्र्यांना घरी पोचवतात.

कुत्री आपण नेऊ तिथे येतात. नको म्हणणं त्यांच्या हातात नसतं. तेव्हा त्यांच्या वतीनं एक शुद्धीतलं माणूस हजर असणं ही यजमानाची जबाबदारी आहे. ते माणूस कोण, हे पक्कं ठरेपर्यंत निमंत्रण धाडू नका.