त्याचं बी त्यालाच पेरू द्या

नवरात्रात आपल्याकडे घराघरांत घट बसतो. परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध कलश ठेवायचा आणि रोज थोडं पाणी शिंपडायचं. नऊ दिवसांत हे दाट अंकुर वर येतात. दसऱ्याला पुरुष ते टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. एवढी सोपी आणि एवढी हमखास उगवणारी पेरणी दरवर्षी आपल्या देवघरात होते, आणि घरातलं सर्वांत लहान मूल मात्र तिथून हाकललं जातं. ‘लांब हो, सांडशील.’ आज तुमच्याशी बोलायचंय ते या ‘लांब हो’बद्दल.

आपण आपटा गावची माणसं. पाताळगंगेच्या काठची खाचरं आपल्या आजोबांनी कसली. त्या पिढीतल्या पोराला बी कसं उगवतं हे कुणी मुद्दाम शिकवत नव्हतं. उन्हाळ्यात राब भाजताना, मृगात पेरताना, आवण काढताना ते बांधावर चिखलात बसलेलंच असायचं. आता आपल्यातले कितीतरी जण रसायनीच्या कारखान्यांत नाहीतर पनवेलहून लोकल धरून मुंबईत कामाला जातात. काही खाचरं विकली गेली, काही पडीक राहिली, अंगणाला फरशी आली. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही, पोट भरायचं असतं. पण बांधावर जे आपसूक मिळायचं, ते आता घरात ठरवून द्यावं लागेल.

आणि देताना एकच काळजी घ्या. बी मुलाच्या हातात दिलंत की ते त्याचंच राहू द्या.

शाळेतून ‘कुंडीत बी लावून आणा’ असा निरोप आला की काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. माती बाबा आणतात, बी आई पेरते, पाणी आजी घालते, आणि मूल फोटोपुरतं कुंडीशेजारी उभं राहतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला माती उकरता येते, बोटाने भोक पाडता येतं, बी टाकून ते बुजवता येतं. हे सगळं त्याला वेडंवाकडं करू द्या. बी आडवं पडलं काय, उलटं पडलं काय, मूळ खालीच जातं आणि कोंब वरच येतो. तेवढी अक्कल बियाला आहे.

मूल मध्येच बी उकरून बघेल. त्यावर रागावू नका, उगवलं का हे त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. चार-पाच बिया जादा लावा आणि त्यातली एक उकरायला म्हणून त्याला देऊन टाका. नाहीतर काचेच्या पेल्यात आतून ओला कागद लावून कागद आणि काच यांच्यामध्ये वालाचा दाणा अडकवा. दाणा फुगतो, साल फाटते, आधी मूळ उतरतं, मग पाठ वाकवून कोंब उठतो. हे दिसत असताना मूल पेल्यासमोरून हलत नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची पद्धत त्यांना मान्य होती, पण महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हेच त्यांनी बालवाडीचं साहित्य केलं. गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत येता येईना, तर शाळाच कुरणावर नेली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर हे झालं. कर्नाळ्याच्या पायथ्याशी आपलेही ठाकूर आणि कातकरी शेजारी आहेत आणि त्यांच्या मुलांना रानातली जेवढी झाडं ओळखता येतात तेवढी आपल्या मुलांना येत नाहीत. जमलं तर दोन्हीकडच्या मुलांना एकत्र मातीत खेळू द्या. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण ते तुम्हाला लगेच दिसेल.

बी कोणतं घ्यायचं? लहान बोटांना धरता येईल असं मोठं घ्या: वाल, भोपळा, मका, भेंडी. माठाचं बी तिळाहून बारीक, ते नंतर. दुकानातलं गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी लहान मुलाच्या हातात मुळीच देऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं आणि या वयात हातातलं तोंडात जातंच. रानातून बिया गोळा करायला गेलात तर गुंज, एरंड, धोतरा आणि पिवळी कण्हेर मुलाला आधी दाखवा आणि ही विषारी आहेत हे स्पष्ट सांगा. गुंजेचा लाल-काळा दाणा मुलांना फार आवडतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पावसाळ्यात कुंडी हलवण्याआधी तिच्यामागे काय बसलंय ते मोठ्यांनी पाहावं.

जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर भोपळा लावा. घरात चिरलेल्या गावठी लाल भोपळ्याचं बी धुऊन, सुकवून ठेवलेलं असलं तर उत्तम. आठवडाभरात दोन जाड पानं वर येतात, मग वेल धावू लागतो. मुलाला दोरीने तो मोजू द्या, कालच्या गाठीपुढे आज किती गेला. पहिली फुलं येतात आणि गळतात, तेव्हा घरात हळहळ सुरू होते. ती बहुतेक नर फुलं असतात, त्यांना फळ धरतच नाही. मागून मादी फुलं येतात. त्यांच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच असतो, तो मुलाला स्वतः शोधू द्या. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. सकाळी लवकर उठून नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध टेकवायचा. मधमाशीचं हे काम सहा वर्षांचं मूल नीट करतं. धरलेला भोपळा त्याचा असतो, आणि ऋषिपंचमीच्या भाजीत त्याची फोड पडली तर ती भाजी न खाणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. शेजारी दुधीचा वेल असेल तर त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलताना दाखवा. मग ‘हे सकाळी आणि ते रात्री का?’ असा प्रश्न येईल. उत्तर लगेच देऊ नका. संध्याकाळी वेलाजवळ घेऊन बसा, रात्रीचे पतंग येतात का ते त्यालाच बघू द्या.

आता जरा अवघड गोष्ट. रोप मरतं. आपल्याकडच्या पावसात कुंडीत पाणी साचून मूळ कुजतं, गोगलगाय रात्रीत शेंडा खाते, कोंबडी उकरून जाते. अशा वेळी मूल झोपेत असताना नवं रोप आणून त्या जागी लावणारे आईबाप मला ठाऊक आहेत. पोर रडू नये एवढीच त्यांची इच्छा असते, ती मला कळते. तरीही असं करू नका. मुलाला ते बहुतेक वेळा कळतं, आणि नाही कळलं तरी त्याच्या हातातली एक खरी गोष्ट तुम्ही काढून घेतलेली असते. त्याला रडू द्या. मग त्याच्यासोबत कुंडी उलटी करून मूळ बघा. काळं, मऊ पडलंय? पाणी जास्त झालं. पानावर चकचकीत रेघ आहे? गोगलगाय येऊन गेली. कारण त्याने स्वतः शोधलं की पुढच्या कुंडीच्या तळाला भोक आहे का, त्यावर नारळाचं सोडण घातलंय का, भोवती काट्यांचं कुंपण आहे का, हे मूलच विचारायला लागतं.

नवरात्र आलं की घट मुलाला पेरू द्या, आणि त्यातलंच मूठभर धान्य बाहेर उन्हातल्या कुंडीतही टाकायला सांगा. देवघरातले अंकुर लांब आणि पिवळे, बाहेरचे आखूड आणि हिरवेगार. उजेड झाडाला काय देतो ते त्याला दिसेल. दसऱ्याला आपण आपट्याच्या फांद्या ओरबाडतो, बाजारात तर कांचनाची पानंही आपटा म्हणून खपवतात. यंदा एकमेकांना एक-एक पान द्या आणि हिवाळ्यात झाडावर वाळलेल्या चपट्या शेंगा मुलाला काढून द्या. बी टणक असतं, पावसाच्या तोंडावर रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरायचं. झाड सावकाश वाढतं. मूल शाळेच्या वरच्या वर्गात जाईल तेव्हा पानं तोडण्याजोगं होईल.

भातकापणी झाली की वालाचे दिवस. जमिनीत उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल येतो, फार पाणी मागत नाही. एखादा वाफा मुलाचा म्हणून वेगळा ठेवा. माघात पोपटी लावाल तेव्हा शेंगा त्याच्याच वाफ्यातल्या घ्या आणि मडक्यात घालायचा भांबुर्डाही त्यालाच बांधावरून आणायला पाठवा. पण सगळ्या शेंगा तोडू नका. भरदार अशा थोड्या वेलावरच वाळू द्या. गावठी वालाचं बी धरता येतं, संकरित पाकिटातल्या बियाण्यातून तसंच पीक पुन्हा येईल याचा भरवसा नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं असं बी घरात जपलं, आणि त्याच कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. शेंगा सोलून दाणे उन्हात खडखडीत वाळवा, चुलीची चाळलेली राख लावून बरणीत भरा. बरणीवर मुलाचं नाव त्यालाच लिहू द्या, आणि ती त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा.