घरचा लाइटसेबर

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘स्टार वॉर्स’मधला लाइटसेबर हवाय. आम्ही दोघं मिळून तो घरी करणार आहोत. साहित्य कोणतं घ्यावं?

उत्तर : जरूर करा. १९७७च्या पहिल्या चित्रपटातल्या नायकाच्या, ल्यूकच्या, लाइटसेबरची मूठसुद्धा ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती. तेव्हा भंगारातून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. मुठीला पीव्हीसी पाइप चालेल. पात्यासाठी मात्र पॉलिकार्बोनेटचीच नळी घ्या. अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, पण जोरात आपटलं की तडकून धारदार तुकडे होतात (आणि मुलं आपटणारच!). आत ५ व्होल्टची एकरंगी एलईडी पट्टी आणि तिच्याभोवती बटरपेपर गुंडाळा, म्हणजे दिव्यांचे ठिपके न दिसता उजेड सलग पसरेल. तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट, पुरतात. उजेड किंचित मंद पडेल एवढंच. सुटे लिथियम सेल नकोत, शॉर्ट झाले तर पेट घेऊ शकतात. कापाकापी आणि सोल्डरिंग तुम्ही करा. रंग, बटणाची जागा, मुठीची जाडी लेकीला ठरवू द्या. नळी बंद करण्याआधी दिवे लावून बघा. आणि हो, डोक्यावर वार करायचा नाही, हे लढाईआधीच ठरवून टाका.