सुईने लिहिलेला इतिहास

यंदाच्या सहलीत पोहरादेवी येथे जाण्याचे आपण योजिले आहे. हे गाव आज वाशीम जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत तो सारा मुलूख आपल्या अकोला जिल्ह्यातच मोडत असे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे ते बंजारा समाजाचे तीर्थस्थान झाले आहे, व ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आमचा अनुभव असा की, कोणत्याही संग्रहालयात मुले प्रथम तलवारींकडे धावतात. वस्त्रांच्या कपाटापाशी मात्र क्षणभरही कोणी उभे राहत नाही. वस्त्रही वाचता येते, हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून निघण्यापूर्वी हा पाठ. आणि त्यासाठी प्रथम थोडे दूर, फ्रान्स देशात जाणे अवश्य आहे.

नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने १०६६ साली समुद्र ओलांडून इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड यास हेस्टिंग्जच्या लढाईत मारले व ते राज्य घेतले. ही हकीकत बायो नामक गावी जतन केलेल्या एका लिनन कापडाच्या पट्टीवर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरलेली आहे. पट्टीची लांबी सुमारे ७० मीटर, रुंदी मात्र जेमतेम अर्धा मीटर. विणीतच चित्र उठविलेल्या पडद्याचे नाव तिला जगभर चिकटले आहे ते चुकीचे होय. हे शुद्ध सुईचे काम, म्हणजे आपल्या आयाबहिणी ज्यास भरतकाम म्हणतात तेच.

या पटास इतिहासकार साक्षीदार मानितात. परंतु साक्षीदार म्हटला म्हणजे उलटतपासणी आलीच. हा पट विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो याने करविला असावा व तो इंग्लंडातील कारागिरांनी भरला असावा, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. म्हणजे आज्ञा जेत्याची आणि बोटे जितांची! हॅरॉल्डने विल्यमपुढे घेतलेली शपथ त्यात ठळकपणे दाखविली आहे, कारण तो शपथभंग हेच जेत्याचे समर्थन होते. हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण शिरल्याचे चित्र तर सर्वांस ठाऊक. पण अठराव्या शतकात पटाची जी रेखाटने झाली त्यांत हा बाण आजच्यासारखा दिसत नाही. पुढे डागडुजी करणाराच्या हाताने काय घातले व मूळ काय होते, हा वाद अद्याप चालू आहे. आणखी एक गोष्ट मुलींनी ध्यानात घ्यावी. पटावर सहाशेंहून अधिक माणसे आहेत, परंतु मुख्य पट्ट्यात स्त्रिया अवघ्या तीन. त्यांतील एक जळत्या घरातून मुलाचा हात धरून निघाली आहे. ज्यांनी हे टाके घातले त्या बहुधा स्त्रियाच होत्या, व त्यांपैकी एकीचेही नाव उरलेले नाही. पुढे १८८५-८६ साली इंग्लंडातील लीक गावच्या ३५ स्त्रियांनी या पटाची हुबेहूब नक्कल भरली, तेव्हा मात्र प्रत्येकीने आपल्या तुकड्याखाली आपले नाव सुईनेच लिहून ठेविले. ती नक्कल रेडिंग येथील संग्रहालयात आहे.

लढाईइतकीच त्या पटात लढाईची तयारी आहे, आणि आम्हांस तीच अधिक आवडते. झाडे तोडणे, नावा बांधणे, चिलखते वाहणे, दारूच्या पिंपाची गाडी ओढणे, मांस शिजविणे, हे सारे त्यात येते. सैन्य पोटावर चालते हे भरणारणीस पक्के ठाऊक होते.

आता आपल्या वऱ्हाडात परत येऊ. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि १५ डिसेंबर रोजी मेळघाटातील गाविलगड पडला. वेलस्लीचे नाव सर्व पुस्तकांत आहे. परंतु त्याच्या छावणीस धान्य पुरविण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्या बंजाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणी लिहिले नाही. मोगलांचे सैन्य असो की इंग्रजांचे, दाणा व मीठ बैलांच्या पाठीवर घालून पोहोचविणारे तेच. आपल्या अमरावतीचा कापूसही एके काळी बैलांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरास जात असे. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि बैलांचे तांडे मोकळे पडले. त्यापूर्वी व त्यानंतर सरकारी कागदांत बंजाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु लिहिणारे सारे परके. १८७१ च्या कायद्याने पुढे अनेक भागांत त्यांस जन्मजात गुन्हेगार ठरविले. ज्यांनी देशाचे धान्य वाहिले त्यांच्या कपाळी हा शिक्का! गोरमाटी बोलीस स्वतःची लिपी नाही. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या हातचा दस्तऐवज पाहू गेल्यास गाण्यांखेरीज उरते ते हे भरतकामच.

तेथे राजा नाही, लढाई नाही. कांचळीवर, घेरदार फेटियावर, पाण्याच्या घागरीमागे लोंबणाऱ्या गळण्यावर चौकोन, त्रिकोण, आरसे व कवड्या आहेत. कवडी आपल्या वऱ्हाडच्या नदीत सापडत नाही. ती समुद्रातली, आणि एके काळी बाजारात नाणे म्हणून चालणारी. कोसचे कोस दूर असलेल्या समुद्राची वस्तू पोहऱ्याच्या माळावर कशी आली, याचा विचार केला की तांड्यांचा मार्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्त्रावर भोक पाडून शिवलेले नाणे असेल तर त्यावरील साल पाहावे. १९१७ सालचे नाणे असल्यास ते त्या जागी १९१७ पूर्वी शिवले गेले नाही, एवढे निश्चित. मात्र ते मागाहूनही शिवले गेले असेल. म्हणून नाण्याचा दोरा भोवतालच्या दोऱ्याशी ताडून पाहावा. बायोच्या बाणाविषयी विद्वान जे विचारतात तेच येथे तुम्ही विचारावयाचे.

आपल्या शाळेत तांड्यांवरून येणारी मुलेमुली आहेत. आजीचा पेहराव शाळेत कोणी पाहू नये असे त्यांतील काहींस वाटते, हे आम्ही जाणतो. त्यांस आमची विनंती की, घरी जुनी कांचळी किंवा गळणो असेल तर आजीस विचारून सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात आणावे. ते धुऊ नये, इस्त्री करू नये, सुटलेला टाका पुन्हा घालू नये. आहे तसेच जुन्या स्वच्छ लुगड्यात गुंडाळून आणावे. आणि ते कोणी भरले, तिचे नाव काय, माहेर कोणत्या तांड्याचे, हे आजीकडून वहीत लिहून घ्यावे.